दोन बोटांचा करदोटा

"किती शांत आहे हो तुमचं बाळ!" असं कुणी कुणाला म्हणताना ऐकलं की आजही माझे कान उभे राहतात. लग्नाचा मांडव असो, एसटी असो, नाहीतर आमच्या शाळेतली पालकसभा, मी चाललेलं बोलणं अर्धवट टाकते आणि त्या बाळाकडे बघत बसते. छाती वरखाली होते आहे ना? ओठांचा रंग कसा आहे? एकदा तर एका अनोळखी बाईच्या मांडीवरच्या लेकराच्या तळपायाला मी टिचकी मारली. ते किंचाळलं, माझा जीव भांड्यात पडला, आणि त्या बाईने मला जे काही ऐकवलं ते मी मुकाट ऐकून घेतलं.

ही खोड मुळातली माझी नाही. ती मला एका सिस्टरबाईंनी लावली.

हिंगोलीत लहान मुलांच्या एका दवाखान्यात त्या होत्या. मूळच्या हट्टा गावाकडच्या. अंगाने काटकुळ्या, उंचीने बेताच्या, आणि आवाज मात्र चार शेतं ओलांडून जाईल असा. डोळ्यांवर जाड चष्मा, एका खिशात थर्मामीटर आणि दुसऱ्या खिशात काळ्या दोऱ्याची गुंडी. वॉर्डात आल्या की या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक बाळाच्या तळपायाला टिचकी मारत जायच्या. मागे रडण्याची रांग लागायची. सगळा वॉर्ड रडायला लागला की बाई खुर्चीवर टेकायच्या आणि म्हणायच्या, "हां. आता बरं वाटलं."

कुणा आजीने कौतुकाने "आमचं लई गुणाचं लेकरू हाय, आवाज म्हणून न्हाई," असं म्हटलं की संपलं. "गुणाचं? मेलेलं लेकरू सगळ्यात गुणाचं असतंय, आजी. रडत न्हाई, दूध मागत न्हाई, कुणाला तकलीफ देत न्हाई." आजी बिचारी पदर तोंडाला लावायची. अशुभ बोलू नये, हे बाईंना कुणी शिकवलंच नव्हतं.

घुटीचा डबा त्यांना लांबून वास येऊन सापडायचा. जायफळ, हळकुंड, मुरडशेंग, सहाण, सगळं खिडकीतून बाहेर. त्या वॉर्डाच्या मागे कधी कुणी खणलं तर किराणा दुकान निघेल. मध चाटवणारी सापडली तर तिच्या बोटाकडे त्या विंचवाकडे बघावं तसं बघायच्या. "सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीबी न्हाई. उन्हाळा असला तरी न्हाई." एवढं बोलून झालं की आईकडे वळायच्या आणि पहिला प्रश्न बाळाचा नाही, तिचाच. "तू काय खाल्लंस?" भात आणि तूप, एवढंच ऐकायला आलं की स्वतःचा डबा उघडायच्या. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी. "खा. दूध काय आभाळातून पडून राहिलं का?" बाळंतिणीला पालेभाजी म्हटल्यावर नातेवाईक हादरायचे, पण त्यांच्यासमोर बोलायची छाती कुणाची होत नव्हती.

एकदा पांढरंशुभ्र धोतर नेसलेले एक आजोबा आठ महिन्यांच्या नातवाला वाटीतून वरणाचं पाणी भरवत बसले होते. "पचायला हलकं पडतंय," असं ते कौतुकाने सांगत होते. बाईंनी त्यांच्या हातातला चमचा घेतला, भरला आणि सरळ त्यांच्या मांडीवर उलटा केला. धोतरावर पिवळा ओघळ. मग डब्यातली भाकरी वाटीच्या तळाच्या घट्ट वरणात कुस्करली, वर तूप घातलं, चमचा भरला आणि पुन्हा त्यांच्याच मांडीवर उलटा धरला. आजोबा गुडघा आखडत होते. काही पडलं नाही. "सांडतंय ते पाणी, आबा. चमच्याला धरून राहतंय ते जेवण. सहा महिन्यांनंतर लेकराला जेवण द्या." आजोबांनी त्यानंतर धोतर बदललं की नाही ते मला माहीत नाही, वरण मात्र बदललं.

हे सगळं आता हसत सांगते आहे, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. मी जात्याच भित्री. त्यात माझी मुलगी आठव्या महिन्यात झालेली, पावणेदोन किलोची. तिचा हात माझ्या करंगळीएवढा. डॉक्टर सकाळी यायचे आणि "घाबरू नका," म्हणून जायचे. त्यांची पाठ वळली की मागून बाई यायच्या.

"घाबरा," म्हणायच्या. "घाबरायचं सोडू नका. पण बराबर गोष्टीला घाबरा. मांजर आडवं गेलं, कुणाची नजर लागली, ह्याला भिऊन काय व्हतंय? लेकरू दूध प्यायला उठलं न्हाई, ह्याला भ्या. पाय गार पडले, ह्याला भ्या. श्वास घेताना बरगडीखाली खड्डा पडून राहिला, ह्याला भ्या. म्हणा."

आणि आम्ही म्हणायचो. पाढे म्हणावेत तसे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते हे कळल्यावर मला उभं राहून म्हणायला लावायच्या. "मास्तरीणबाई, मोठ्यानं."

माझ्याजवळ सासूबाई असायच्या. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही ते सासरी, पुसेगावलाच झालं, आणि तिथून बाळाला घेऊन आम्ही हिंगोलीला आलो. सासूबाईंची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. भाकरी कशीबशी थापायच्या, पण बारीक काम त्यांच्याने व्हायचं नाही. त्यांच्या पोलक्याचे पाठीवरचे हूक रोज सकाळी मी लावून द्यायची. दवाखान्यातसुद्धा, हाताला सलाईनची सुई असताना, पलंगावर बसल्या बसल्या मी ते लावून द्यायची आणि शेजारच्या बाया हसायच्या. बाईंनीही एकदा दारात थांबून ते पाहिलं होतं.

नातेवाइकांना बाईंचा आणखी एक सक्त हुकूम होता. "बाळंतिणीला बोलायचं न्हाई. भ्याली की दूध उतरत न्हाई." हा हुकूम त्यांना स्वतःला लागू नव्हता. शिवाय एकीकडे भ्या म्हणायचं आणि दुसरीकडे भ्याली की दूध उतरत नाही म्हणायचं, ह्याचा मेळ कसा घालायचा तेही त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता त्या काळ्या दोऱ्याचं सांगते. बाळाच्या कमरेला करदोटा आमच्याकडे घरोघरी बांधतात, नजर लागू नये म्हणून. बाई तो घरच्यांना बांधू द्यायच्या नाहीत. बाळ घरी सोडायच्या दिवशी स्वतः बांधायच्या. त्यांची गाठ वेगळीच होती. ऑपरेशनच्या टाक्याला मारतात तशी, चपटी, दोन वेढ्यांची, टोकं कात्रीने सारखी केलेली. गाठ मारून झाली की दोऱ्याखाली आपली दोन बोटं सरकवून दाखवायच्या.

"दोन बोटं जाऊन राहिली? बराबर. एकच बोट जायला लागलं की समज लेकरू अंगाला लागून राहिलं. मग दोरा सैल कर आन पेढे खा. पण तीन बोटं गेली, तर हातातलं काम टाकायचं आन पळत यायचं. तारखेची वाट बघायची न्हाई. काटा दवाखान्यात हाय, तुमच्या घरी काय हाय? सोयाबीन मोजायचा काटा. म्हणून हा दोरा."

मला ही युक्ती फार आवडली होती. खेड्यातल्या बाईला समजेल अशी, हाताशी असलेली. आणि ती घेऊन मी घरी गेलेही असते निर्धास्तपणे, पण घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी एक प्रकार पाहिला.

एक आई पंधरा दिवसांपूर्वी घरी सोडलेलं बाळ घेऊन परत आली. माझ्याच वयाची. बाईंनी झबलं वर केलं आणि दोऱ्याखाली बोटं घातली. दोन, तीन, चार. सगळ्या वॉर्डासमोर त्यांनी ती बोटं तशीच वर धरली.

"चार! चार बोटं जाऊन राहिली, आन तू घरी बसून कशाची वाट पाहून राहिली व्हतीस? आई हायेस का कोण हायेस?"

ती आमच्यापैकी प्रत्येकीकडे आळीपाळीने बघत होती, कुणीतरी तिच्या बाजूने बोलेल म्हणून. मी पदर पुढे ओढून घेतला. बाळाला गंभीर मुलांसाठीच्या काचेच्या खोलीत नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा तिचा पलंग रिकामा होता, चादर बदललेली. काय झालं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्याच दुपारी बाईंनी माझ्या मुलीच्या कमरेला दोरा बांधला आणि मला आठ दिवसांनंतरची तारीख दिली.

घरी पहिले तीन दिवस मी टिचक्या मारून तिला उठवत होते, दर दोन तासांनी. चौथ्या दिवशी तिने दोन घोट घेतले आणि झोपली. टिचकी मारली तर कपाळाला आठी घातली आणि पुन्हा झोपली. थंडीचे दिवस, शेतात तुरी उभ्या, बघायला येणाऱ्या बाया दुपारून यायच्या आणि म्हणायच्या, "किती गुणाचं लेकरू दिलं देवानं!" मी हसायचे. मला सगळा पाढा पाठ होता. दूध प्यायला उठलं नाही, ह्याला भ्या. भ्यालेच होते. पण मला डोळ्यांसमोर दिसत होता तो वॉर्ड, वर धरलेली चार बोटं आणि रिकामा पलंग.

पाचव्या दिवशी दोऱ्याखाली तीन बोटं गेली.

मी पुन्हा घालून पाहिली. तीन. मनाशी म्हटलं, बाळंतपणाने माझीच बोटं बारीक झाली असतील. सासूबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी बाईंची गाठ सोडवायला गेले तर ती सुटेना, शेवटी दाताने ओढून सोडवली. दोरा थोडा आत घेतला आणि साधी गाठ मारली. मग दोन बोटं घालून पाहिली. बराबर बसत होती. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी खरोखर बरं वाटलं. पोरगी सुधारल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मुलांना गणित शिकवणारी मी, उत्तर चुकलं म्हणून पट्टी कापून मोकळी झाले.

सातव्या दिवशी मी ती गाठ पुन्हा आत घेतली. त्याच दिवशी आरोग्य खात्याच्या आशाताई वजन करायला आल्या. "आत्ताच झोपलीय, झोपलेल्या लेकराचं वजन करू नये म्हणतात," असं सांगून मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. असलं काही मी एरवी कधी मानत नव्हते.

आठव्या दिवशी मी म्हटलं, गारठा फार आहे, दोन दिवसांनी जाऊ. सासूबाई म्हणाल्या, "तारीख म्हंजे तारीख." जीप सांगून ठेवलेली होती. हिंगोलीपर्यंत मी तिला छातीशी धरून बसले आणि वाटभर तिच्या नाकाखाली बोट धरून ठेवलं, श्वास लागतो का बघायला. लागत होता, पण मला माझ्याच बोटाचा भरवसा वाटेना.

बाईंनी तिला हातात घेतलं आणि टिचकी मारली. ती रडली नाही. दुसरी मारली. तिने रडण्यासारखं तोंड केलं, पण आवाज निघाला नाही. बाईंनी झबलं वर केलं, दोन बोटं घातली. बरोबर दोन. त्या थबकल्या. मग चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून त्यांनी दोऱ्याकडे पाहिलं.

"ही गाठ माझी न्हाई," त्या म्हणाल्या.

इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. माझे पाय गार पडले.

"कोणी मारली?"

मी, मी, एवढंच तर म्हणायचं होतं. आणि तेवढ्यात शेजारून सासूबाईंचा आवाज आला.

"म्या मारली. निसटून राहिला व्हता. करदोटा गळून पडणं चांगलं नसतंय, म्हणून म्या आवळला."

बाईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग त्यांनी बाळ दुसऱ्या नर्सच्या हातात दिलं, तिला काचेच्या खोलीकडे पळवलं, आणि सासूबाईंवर जो आवाज चढवला तो खालच्या रस्त्यावर ऐकू गेला असेल. अक्कल काढली, वय काढलं, चार लेकरं वाढवलीस ती कशी जगली म्हणून विचारलं. सासूबाई मान खाली घालून, वाकडी बोटं पदरात लपवून ऐकत राहिल्या. सगळा वॉर्ड त्यांच्याकडे बघत होता. मी शेजारी उभी होते. मी गप्प राहिले. त्या वॉर्डात त्या दिवशी सगळ्यात गुणाची मीच होते.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला सलग आठवत नाही. नाकातून नळी घातलेली माझी पोरगी काचेपलीकडे होती आणि मी दर दोन तासांनी वाटीत दूध काढत होते. पहिल्यांदा चार थेंब आले. मी रडायला लागले तेव्हा बाई आल्या. मला वाटलं, आता माझी पाळी. त्या माझ्यामागे पलंगावर बसल्या आणि माझी पाठ चोळत राहिल्या. डबा उघडून भाकरीचा तुकडा माझ्या तोंडात घातला. गाठीचा विषय नाही, प्रश्न नाही, आवाजसुद्धा नाही. "येतंय बघ," एवढंच म्हणत होत्या, "येतंय. घाई न्हाई." वाटीचा तळ हळूहळू झाकला गेला.

त्या दिवसांत रोज सकाळी सासूबाई माझ्याजवळ पाठ करून बसायच्या आणि मी त्यांचे हूक लावायची. रोज वाटायचं, आता बोलावं. वॉर्डातल्या बाया त्यांना बघून कुजबुजायच्या, "हीच ती म्हातारी." त्यांना ते ऐकू यायचं. मलाही.

सहाव्या दिवशी पोरगी रडली. मांजराच्या पिल्लासारखा आवाज, पण रडली. बाई काचेच्या खोलीतून ओरडल्या, "ऐका गं सगळ्या! मास्तरणीची पोरगी रडून राहिली!" आणि मी भिंतीला धरून खाली बसले. घरी सोडताना त्यांनी तिच्या कमरेला दोरा बांधला नाही. माझ्या ते लक्षात आलं, पण विसरल्या असतील असं समजून मी निघून आले. आठवण करून द्यायला मी काही वेडी नव्हते.

त्यानंतर बाई मला एकदाच भेटल्या, सेनगावच्या स्टँडवर. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि कुल्फीसाठी सगळं स्टँड डोक्यावर घेत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "रडू दे. चांगलं रडून राहिली." आवाजावरूनच ओळखलं. केस पांढरे झालेले, हातात पिशवी, रिटायर होऊन वर्ष झालं म्हणाल्या. मुलीला कुल्फी त्यांनीच घेऊन दिली. आम्ही बाकावर बसलो, आणि आठ वर्षं घशात अडकलेलं मी बाहेर काढायला गेले.

"बाई, ती गाठ..."

"तुझी व्हती," त्या म्हणाल्या. "मला तवाच कळलं. जिला आपल्या पोलक्याचा हूक लावता येत न्हाई, ती बारीक दोऱ्याची गाठ काय मारंल?"

"मग तुम्ही त्यांना का बोललात?"

"तुला बोलले असते तर वाटीत दूध कुठून आलं असतं? तुझ्या सासूला ते माझ्याआधी समजलं. माझाच नियम तिनं मला शिकवला." कुल्फीची काडी चाटणाऱ्या माझ्या मुलीच्या हनुवटीवरचा ओघळ त्यांनी पदराने पुसला. "आन खरं सांगू? तिच्याकडं तोंड करून म्या मलाच शिव्या देऊन राहिले व्हते. तू शिकलेली पोरगी. तीन बोटं म्हंजे काय, तुला बराबर समजत व्हतं. तू लेकरासाठी भ्यालीस, पण मला त्याहून जास्त भ्यालीस. म्या बायांना सांगत फिरले, बराबर गोष्टीला भ्या. आन त्या मलाच भ्यायला लागल्या. तुझ्यानंतर म्या कुणाच्याच लेकराला दोरा बांधला न्हाई."

"मग काय करत होता?"

"इचारत व्हते. घरी गेल्यावर काही बिघडलं, तर मला सांगायला भ्याशील का? जी व्हय म्हणंल तिला सोडायचं न्हाई. अजून दोन दिवस ठेवून घ्यायचं, माझी भीती जाईस्तोवर."

त्यांची गाडी लागली. चढताना त्यांनी वळून माझ्या मुलीला विचारलं, "सकाळी काय खाल्लंस गं?" उत्तर ऐकायच्या आत गाडी हलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई नेहमीसारख्या माझ्यापुढे पाठ करून बसल्या. पाठ आता पार वाळलेली, पोलकं ढगळ झालेलं. मी पहिला हूक लावला आणि माझे हात थांबले.

"आई, ती गाठ मी मारली होती," मी म्हटलं.

त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "हूक लाव. गार लागून राहिलं."